सस्तन प्राण्यांचें देहमान



जीवशास्त्राच्या पुस्तकांत घोड्याच्या पूर्वजांचें एक चित्र बहुधा असतें. डावीकडे कोल्ह्याएवढा एक लहानसा प्राणी, त्याच्या पुढें मेंढीएवढा, त्याच्या पुढें तट्टाएवढा, आणि अखेरीस उजवीकडे आजचा रुबाबदार घोडा. हें चित्र पाहणाऱ्याच्या मनांत एक समजूत नकळत घर करून बसते. ती अशी कीं, प्राणिसृष्टि म्हणजे एक जिना असून काळ जसजसा लोटतो तसतसा प्रत्येक प्राणी एकेक पायरी चढत मोठा आणि श्रेष्ठ होत जातो. या समजुतींत सत्याचा अंश आहे आणि मोठी भूलही आहे. सत्य किती व भूल कोठें, हें निवडून दाखवावें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

१. विस्तार केवढा ?

जे प्राणी पिलांना दूध पाजतात त्यांस सस्तन म्हणतात, हें तुम्हांस ठाऊकच आहे. या एका वर्गांत आकाराचा जेवढा फरक आढळतो तेवढा क्वचितच दुसरीकडे आढळेल. एट्रुस्कन चिचुंद्री नांवाचा जीव अवघ्या २ ग्रामांचा असतो. उलट, समुद्रांतील निळा देवमासा १५० टनांपर्यंत भरतो. हिशेब करून पाहिला तर दुसऱ्याचें वजन पहिल्याच्या साडेसात कोटि पट होतें ! तरीहि दोघांचें रक्त उष्ण, दोघांनाही फुप्फुसें, आणि दोघांचींही पिलें आईच्या दुधावर वाढतात. एकाच मूळ नमुन्यापासून इतकीं भिन्न मापें कशीं निघालीं, हा प्रश्न म्हणूनच विचार करण्याजोगा आहे.

२. काळ्या पाषाणांतील दांत

या कथेचा आरंभ पाहण्यासाठीं आपणांस फार दूर जावयास नको. महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्या काळ्या पाषाणावर वसला आहे, तो म्हणजे सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वींच्या काळांत भूगर्भांतून वाहून आलेला आणि थिजलेला लाव्हा होय. लाव्हाचा एक थर पसरल्यावर दुसरा येईपर्यंत मध्यंतरीं पुष्कळ काळ लोटे. त्या अवधींत तळीं सांचत, झाडेंझुडें उगवत, मासे व बेडूक नांदत. पुढें नवा लाव्हा येऊन हें सर्व खालीं गाडून टाकी. अशा दोन थरांमधील गाळाच्या खडकांचा बारकाईनें अभ्यास प्रथम ज्यांनीं केला, त्यांत नागपूरचे मिशनरी रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांचें नांव अग्रभागीं आहे. १८१७ सालीं स्कॉटलंडांत जन्मलेल्या या गृहस्थांनीं १८४५ पासून नागपुरास शिक्षणाचें व सुवार्तेचें काम केलें, आणि त्यांतून सवड काढून खडकांतील शिंपले, बिया व हाडें गोळा केलीं. १८६३ सालीं बुडून त्यांचा अंत झाला. नागपूरचें हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नांवानें चालतें.

पुढें १९८८ सालीं जी. व्ही. आर. प्रसाद व अशोक साहनी या भारतीय शास्त्रज्ञांनीं, आतां तेलंगणांत असलेल्या नस्कल गांवाजवळच्या अशाच थरांतून सांपडलेल्या कांहीं बारीक दांतांचें वर्णन प्रसिद्ध केलें. ते दांत एका सस्तन प्राण्याचे होते. त्या प्राण्यास त्यांनीं 'डेक्कनोलेस्टिस हिस्लॉपी' असें नांव दिलें. त्यांतील पहिला शब्द आपल्या दख्खनचा आणि दुसरा त्या मिशनऱ्याचा. प्राणी मात्र चिचुंद्रीएवढा चिमुकला ! ज्या काळीं पृथ्वीवर प्रचंड डायनोसॉर वावरत होते, त्या काळीं आपल्या वर्गाचे प्राणी बहुतेक असेच होते. चीन देशांत सांपडलेला 'रेपेनोमेमस' हा त्यांतला मोठा समजावयाचा. त्याचें वजन १२ ते १४ किलोग्राम असावें. या गणांतील एकाच्या पोटांत डायनोसॉरच्या पिलाचीं हाडें मिळालीं, हें २००५ सालीं प्रसिद्ध झालें. परंतु याहून मोठें होणें सुमारें १४ कोटि वर्षांत सस्तनांस साधलें नाहीं. कारण मोठ्या देहाच्या सर्व जागा दुसऱ्यांनीं अगोदरच अडवून ठेवल्या होत्या.

३. जागा मोकळी झाली

सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पाजवळ एक लघुग्रह येऊन आदळला, आणि त्यानंतर पक्षी हे वंशज वगळतां सर्व डायनोसॉर लयास गेले. मग काय झालें, याची जणूं रोजनिशीच अमेरिकेंतील कोलोरॅडो प्रांतांत कोरल ब्लफ्स येथें सांपडली. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या या शोधावरून असें दिसतें कीं, आघातानंतर प्रथम उंदराएवढे प्राणीच तगले. सुमारें १ लक्ष वर्षांत ते मांजराहून कांहींसे मोठे झाले. सुमारें ३ लक्ष वर्षांत २५ किलोग्रामांचे प्राणी दिसूं लागले, आणि त्याच सुमारास अक्रोडाच्या कुळांतील झाडेंही पसरलीं. ७ लक्ष वर्षांच्या सुमारास शेंगा धरणाऱ्या वनस्पतींचे अवशेष प्रथम आढळतात, आणि त्याच थरांत ५० किलोग्रामांच्या आसपासचे प्राणी सांपडतात. आपल्या ताटांतील डाळ ज्या कुळाची, त्याच कुळाच्या पौष्टिक शेंगांनीं हा हातभार लावला असावा, असें शोधकांस वाटतें.

वाढ येथेंच थांबली नाहीं. फेलिसा स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१० सालीं निरनिराळ्या खंडांतील सर्वांत मोठ्या भूचर सस्तनांचीं मापें एकत्र मांडलीं. त्यांवरून दिसून आलें कीं, प्रत्येक खंडांत ही वाढ प्रथम झपाट्यानें झाली आणि सुमारें ४ कोटि वर्षांपूर्वीं ती स्थिरावली. प्राणी निराळे, त्यांचीं कुळें निराळीं. परंतु वाढीची रेषा सगळीकडे सारखीच. शिखरास पोंचलेल्यांत 'पॅरासेराथेरियम' हा बिनशिंगी गेंड्याचा भाऊबंद होता. बलुचिस्तानांतील बुगटी टेंकड्यांत त्याचीं हाडें विसाव्या शतकाच्या आरंभीं सांपडलीं. खांद्याशीं त्याची उंची पांच मीटरांच्या घरांत आणि वजन पंधरा टनांहून अधिक मानतात. आजच्या आफ्रिकन हत्तीच्या दुपटीहून अधिक वजनाचा हा प्राणी होय.

४. मोठेपणाचा हिशेब

मोठें होण्यांत लाभ कोणता, आणि मग वाढ कोठें तरी थांबते कां ? याचें उत्तर भूमितींत आहे. वर्गांत सहज करून पाहतां येईल असा प्रयोग सांगतों. एकसारखे आठ लांकडी ठोकळे घ्या, व ते जोडून एक मोठा ठोकळा करा. त्याची प्रत्येक बाजू दुप्पट झाली. पृष्ठभाग मात्र चौपट झाला, आणि घनफळ आठपट झालें. म्हणजे मोठ्या ठोकळ्यांत प्रत्येक घन भागाच्या वांट्यास येणारा पृष्ठभाग निम्माच उरला.

प्राण्याच्या देहांतील उष्णता कातडीवाटे निघून जाते. म्हणून लहान जीवाची ऊब लवकर सरते, मोठ्याची टिकते. चिचुंद्रीला कांहीं तास अन्न न मिळालें तरी तिचा प्राण जातो. हत्ती सुकलेल्या गवतावर व सालींवर निर्वाह करूं शकतो. कारण त्याच्या प्रशस्त कोठ्यांत निकृष्ट अन्न पुष्कळ वेळ मुरतें. मॅक्स क्लायबर या शास्त्रज्ञानें १९३२ सालीं दाखविलें कीं, प्राण्याच्या वजनाच्या मानानें त्याच्या देहाचा खर्च कमी वेगानें वाढतो. एक प्राणी दुसऱ्याच्या दहा हजार पट जड असेल, तर त्याचा खर्च सुमारें एक हजार पटच होतो. मोठा संसार दर माणशीं स्वस्तांत चालतो, तसाच हा प्रकार. शिवाय मोठ्यास शत्रु थोडे, आणि पाण्याच्या शोधांत दूरवर चालण्याची त्याची शक्ति अधिक.

आतां वहीचें दुसरें पान पाहूं. गॅलिलिओनें १६३८ सालच्या आपल्या ग्रंथांत दाखविलें आहे कीं, प्राणी सर्व बाजूंनीं दुप्पट झाला तर त्याच्या हाडाची जाडी, म्हणजे आडवा छेद, चौपट होतो. पण त्यावर पडणारें ओझें आठपट होतें. म्हणून मोठ्या प्राण्यास हाडें प्रमाणाबाहेर जाड करावीं लागतात, आणि याला सीमा आहे. देवमाशाचें ओझें पाणी तोलून धरतें, यामुळेंच तो जमिनीवरच्या कोणाहीपेक्षां मोठा होऊं शकला. दुसरी अडचण संततीची. हत्तिणीचा गर्भकाळ सुमारें २२ महिन्यांचा. एका वेळीं बहुधा एकच पिलूं. आणि पुढच्या पिलासाठीं आणखी कित्येक वर्षें थांबावें लागतें. उंदरांच्या जोडप्याला एका वर्षांत जेवढा विस्तार साधतो, तेवढा हत्तींच्या कळपास पिढ्यान् पिढ्या साधत नाहीं. ही गोष्ट ध्यानांत ठेवा. लेखाच्या शेवटीं तिचें प्रयोजन पडणार आहे.

५. कोपचा नियम आणि घोड्याचा जिना

वंशांचा कल मोठे होण्याकडे असतो, या सिद्धान्तास 'कोपचा नियम' म्हणतात. एडवर्ड ड्रिंकर कोप (१८४०–१८९७) हा फिलाडेल्फियाच्या क्वेकर घराण्यांतील प्रख्यात शोधक. त्याच्या लिखाणाच्या आधारें पुढील विद्वानांनीं नियमास त्याचें नांव दिलें. जॉन ॲलरॉय यांनीं १९९८ सालीं उत्तर अमेरिकेंतील सुमारें दीड हजार सस्तन जातींच्या अवशेषांवरून ताळा पाहिला. जवळच्या नात्यांतील जातींत मागाहून आलेली जाति आधीच्या जातीपेक्षां सरासरीनें सुमारें शेंकडा ९ मोठी आढळली. तेव्हां नियमांत तथ्य आहे.

परंतु 'सरासरीनें' या शब्दाकडे दुर्लक्ष करूं नये. स्टीव्हन स्टॅन्ली यांनीं १९७३ सालीं एक मार्मिक मुद्दा पुढें मांडला : नवे वंश बहुधा लहान जीवांपासून निघतात, म्हणून त्यांस पसरावयास जागा मुख्यतः मोठेपणाच्याच बाजूस असते. एक दाखला घ्या. शंभर मुलें शाळेच्या भिंतीस पाठ लावून उभीं आहेत. शिक्षकांनीं घंटा दिली आणि प्रत्येकानें वाटेल तिकडे फिरावें असें सांगितलें. थोड्या वेळानें पाहिलें तर कांहीं मुलें मैदानाच्या टोंकास पोंचलेलीं दिसतील. त्यांस तिकडे कोणी ढकललें नाहीं. फक्त मागें भिंत होती. आणि पुष्कळ मुलें अजूनही भिंतीपाशींच खेळत असतील. सस्तनांचें तसेंच आहे. हत्ती आणि देवमासा झाले खरे. तथापि आजही सस्तनांच्या बहुसंख्य जाति उंदीर, वटवाघुळ व चिचुंद्री यांच्याच मापाच्या आहेत.

या प्रकाशांत घोड्याचें तें चित्र पुन्हां पाहूं. ब्रूस मॅकफॅडन यांनीं १९८६ सालीं अवशेषांवरून घोड्यांचीं वजनें काढलीं. आरंभींच्या सुमारें तीन कोटि वर्षांत त्यांच्या मापांत फारसा फरक पडलाच नाहीं. बहुतेक ५० किलोग्रामांच्या आंतच राहिले. पुढें गवताळ मैदानें पसरूं लागलीं तेव्हां शाखा फुटल्या, कांहीं मोठ्या झाल्या, आणि कांहीं उलट लहान झाल्या. पूर्वज व वंशज यांच्या ज्या २४ जोड्या त्यांनीं तपासल्या, त्यांपैकीं ५ जोड्यांत वंशज लहान निघाला. सुमारें ५ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं पृथ्वी ५ ते १० अंशांनीं तापली होती. त्या वेळीं अमेरिकेंतील वायोमिंग प्रांतांतला पहिला चिमुकला घोडा साडेपांच किलोग्रामांवरून चारांच्या आंत उतरला, आणि उष्मा ओसरतांच सातांपर्यंत चढला, असें २०१२ सालीं दांतांच्या मापांवरून सिद्ध झालें. मग चित्रांत जिना कोठून आला ? झाडाच्या शेंकडों फांद्या वाळून गेल्या व एकच उरली. आपण त्या एका फांदीवरून मागें बोट फिरविलें आणि तिलाच सरळ खांब समजलों.

६. धाकटे हत्ती

मोठेपण हें यशाचेंच दुसरें नांव असतें, तर एकदां मोठा झालेला वंश पुन्हां लहान कां व्हावा ? भूमध्य समुद्रांतील बेटें याचें उत्तर देतात. सिसिलीच्या बेटावर जेमतेम एक मीटर उंचीचे पूर्ण वाढलेले हत्ती राहत असत. त्यांचे पूर्वज युरोपच्या भूमीवरील प्रचंड हत्ती होते. बेटावर चारा मोजका, आणि भय घालणारा सिंह नाहीं. अशा ठिकाणीं थोडें खाऊन लवकर वयांत येणारा हत्तीच तग धरतो. सायप्रस बेटावरील ठेंगण्या हत्तींचा शोध १९०२ सालीं डॉरोथिया बेट या तरुण स्त्रीनें लावला, हें आपल्या शाळेंतील मुलींनीं विशेष लक्षांत ठेवावें. जर्सी बेटावर अडकून पडलेलीं सांबरासारखीं हरणें तर सुमारें सहा हजार वर्षांतच वजनानें एक-षष्ठांश झालीं. उलटपक्षीं, बेटांवर उंदरांसारखे लहान जीव पुष्कळदां मोठे होतात. सारांश, ज्याच्या-त्याच्या परिस्थितीस जें माप मानवतें तेंच योग्य माप.

लहान होणें हें मोठें होण्यापेक्षां सोपेंही असतें. २०१२ सालच्या एका गणिताप्रमाणें उंदराच्या मापापासून हत्तीच्या मापापर्यंत पोंचण्यास निदान २ कोटि ४० लक्ष पिढ्या लागतात. उतरणीचा वेग मात्र चढणीच्या दहापटीहून अधिक आढळतो.

७. आपल्या काळांतील घट

येथपर्यंत जें सांगितलें तें निसर्गाच्या घडामोडींचें झालें. शेवटचें पान मनुष्याचें आहे. गेल्या लाखभर वर्षांत मॅमथ, दक्षिण अमेरिकेंतील हत्तीएवढा भूचर अस्वलमंद 'मेगाथेरियम', ऑस्ट्रेलियांतील गेंड्याएवढा 'डायप्रोटोडॉन', असे एकाहून एक प्रचंड प्राणी नाहींसे झाले. आपल्या नर्मदेच्या खोऱ्यांत ज्याचीं हाडें सांपडतात, तो आजच्या हत्तीपेक्षां पुष्कळच मोठा असलेला हत्तीही त्यांतलाच. हवामानाचा पालट व माणसाची शिकार यांचा वांटा किती किती, याविषयीं विद्वानांत वाद आहे. तथापि २०१८ सालीं स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एक बोलका पुरावा पुढें आणला. त्यापूर्वींच्या साडेसहा कोटि वर्षांत हवामान अनेकदां पालटलें, तरी केवळ मोठें असल्यानें नष्ट होण्याचा धोका वाढत नसे. माणूस जसजसा खंडोखंडीं पसरत गेला, तसतसे मात्र मोठे प्राणीच निवडून गेल्यासारखे नाहींसे झाले. उत्तर अमेरिकेंत सस्तनांचें सरासरी वजन ९८ किलोग्रामांवरून ७.६ किलोग्रामांवर आलें.

वर सांगितलेली संततीची गोष्ट आतां आठवा. ज्या हत्तिणीस वर्षानुवर्षांनीं एक पिलूं होतें, तिच्या कळपांतून दर सालीं थोडेच हत्ती मारले, तरी ती तूट सहजासहजीं भरून निघत नाहीं. ज्या देहानें सिंहाचें भय संपविलें, तोच देह भाल्यापुढें व बंदुकीपुढें घाताला कारण झाला. आज संकटांत असलेले सस्तन प्राणी असेच जात राहिले, तर कांहीं शतकांनीं जमिनीवरील सर्वांत मोठा सस्तन प्राणी म्हणजे आपल्या गोठ्यांतील गाय ठरेल, असा त्याच शास्त्रज्ञांचा इशारा आहे. उंदरापासून हत्तीपर्यंतची वाट चढावयास कोट्यवधि पिढ्या लागल्या. ती पुसून टाकावयास आपल्या जातीस कांहीं सहस्र वर्षें पुरतील.

आपल्यांपैकीं कित्येक विद्यार्थी विचारतात कीं, हें सर्व शिकल्यानें श्रद्धेस धक्का बसत नाहीं काय ? मला तसें वाटत नाहीं. ज्या देवावर आपण विश्वास ठेवतों त्याच्या हातचें काम जसें आहे तसें पाहण्यास भिण्याचें कारण नाहीं. हिस्लॉप यांनीं एका हातांत पवित्र शास्त्र आणि दुसऱ्या हातांत हातोडी घेऊनच नागपूरच्या टेंकड्या पायाखालीं घातल्या. मनुष्यास इतर जीवांवर सत्ता दिलेली आहे, असें आपण वाचतों. ती सत्ता कारभाऱ्याची आहे, आणि कारभाऱ्यास धन्यापुढें हिशेब द्यावा लागतो. तेव्हां घोड्याचें तें चित्र पुन्हां पाहाल तेव्हां त्याच्या उजव्या टोंकाशीं केवळ थांबूं नका. त्या टोंकाच्या पुढची जागा कोरी आहे. तेथें हत्ती, गेंडा व देवमासा राहतील कीं नाहीं, याचा निर्णय बव्हंशीं तुमच्या पिढीच्या हातीं आहे.